नकाराचे मोल

जेमतेम साडेतीन सेंटीमीटर रुंद आणि साडेसहा सेंटीमीटर उंच असा पुठ्ठ्याचा एक तुकडा ऑगस्ट २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकला गेला. नारिंगी पार्श्वभूमीवर मधोमध भांग पाडलेला, काहीसा गंभीर चेहऱ्याचा एक खेळाडू आणि त्याच्या छातीवर पिट्सबर्गचे नाव, एवढेच चित्र त्यावर आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच कार्ड सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळत असे. चित्रातील खेळाडूचे नाव होनस वॅग्नर. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ शॉर्टस्टॉप म्हणून जाणकार आजही त्याचे नाव घेतात. मात्र अमेरिकेबाहेर, आणि आता अमेरिकेतही, अनेकांना तो ठाऊक असतो तो या कार्डामुळेच. हे कार्ड बाजारात येऊ नये अशीच वॅग्नरची इच्छा होती, ही यातील खरी गंमत आणि खरी खंतही.

वॅग्नरचा जन्म २४ फेब्रुवारी १८७४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या चार्टियर्स या वस्तीत झाला. ही वस्ती पुढे कार्नेगी या नावाने ओळखली जाऊ लागली. आईवडील जर्मनीतून स्थलांतरित झालेले. त्यांना नऊ अपत्ये झाली, त्यांपैकी पाच जगली. वडील आणि मुलगे कोळशाच्या खाणीत राबत. होनसनेही वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून खाणीची वाट धरली. पुढे त्याने केशकर्तनाचे कामही शिकून घेतले. रविवार आणि मोकळ्या वेळा मात्र भावंडांसोबत बेसबॉल खेळण्यात जात. थोरला भाऊ अल्बर्ट हा घरातील उत्तम खेळाडू मानला जाई. त्याच्याच शिफारशीमुळे १८९५ मध्ये होनसला ओहायोतील स्टुबेनव्हिलच्या व्यावसायिक संघात जागा मिळाली. दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, तो लुईव्हिलच्या संघातून नॅशनल लीगमध्ये दाखल झाला. १८९९ नंतर लुईव्हिलचा संघ बंद पडला. त्याचे मालक बार्नी ड्रायफस यांनी आपले चांगले खेळाडू पिट्सबर्ग पायरेट्स संघात नेले आणि वॅग्नर आपल्या गावाशेजारी परतला. पुढची अठरा वर्षे तो पिट्सबर्गसाठीच खेळला.

दिसायला तो खेळाडू वाटतच नसे. भरभक्कम छाती, धनुष्यासारखे बाकदार पाय, गुडघ्यांपर्यंत पोहोचतील असे भासणारे लांब हात आणि फावड्यासारखे रुंद पंजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणाऱ्या शॉर्टस्टॉपला चपळाई लागते. फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू क्षणार्धात उचलून त्याला पहिल्या बेसकडे फेकायचा असतो. हे काम या अवजड देहाचा माणूस असे सफाईने करी, की प्रतिस्पर्धी थक्क होत. चेंडूसोबत मूठभर मातीही पहिल्या बेसकडे उडत जाई, असे त्याला पाहिलेले लोक सांगत. धावण्यातही तो मागे नव्हता. कारकिर्दीत त्याने ७२३ वेळा बेस चोरला. वेगामुळे आणि जर्मन वंशामुळे लोकांनी त्याला ‘फ्लाइंग डचमन’ असे टोपणनाव दिले.

बेसबॉलमध्ये दहा संधींत तीन वेळा चेंडू यशस्वीपणे टोलावणारा फलंदाज उत्तम समजला जातो. वॅग्नरची कारकिर्दीतील सरासरी त्याहून सरस होती. १९०० ते १९११ या काळात त्याने आठ वेळा नॅशनल लीगमधील सर्वोत्तम फलंदाजाचा मान पटकावला. त्या लीगमध्ये या विक्रमाशी बरोबरी व्हायला १९९७ साल उजाडावे लागले आणि ती टोनी ग्विन याने केली. चेंडू जड, मैदाने ओबडधोबड आणि धावा दुर्मीळ अशा काळात वॅग्नरने तीन हजार चारशेहून अधिक यशस्वी फटके मारले, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

पण अपयशही त्याच्या वाट्याला आले आणि ते मोठ्या व्यासपीठावर आले. १९०३ मध्ये आधुनिक काळातील पहिली वर्ल्ड सिरीज पिट्सबर्ग आणि बोस्टन यांच्यात झाली. पिट्सबर्गने ती पाच विरुद्ध तीन सामन्यांनी गमावली. वॅग्नरची बॅट थंड पडली, क्षेत्ररक्षणातही चुका झाल्या आणि अखेरच्या सामन्यातील शेवटचा बळीही त्याचाच ठरला. ही बोच त्याच्या मनात खोल रुतली. पुढच्या वसंतात सर्वोत्तम फलंदाजांच्या छायाचित्रांच्या दालनासाठी त्याच्याकडे छायाचित्र मागितले गेले, तेव्हा आदल्या वर्षीच्या खेळाने आपण त्या मानाला पात्र उरलेलो नाही, असे सांगून त्याने ते देण्याचे नाकारले. आपला चेहरा कोठे झळकावा आणि कोठे झळकू नये, याविषयी हा माणूस पहिल्यापासून विचार करणारा होता.

याचा अर्थ तो व्यवहारशून्य होता असे नव्हे. १ सप्टेंबर १९०५ रोजी त्याने लुईव्हिलच्या हिलरिच कंपनीशी करार करून आपली स्वाक्षरी बॅटवर कोरण्याची परवानगी दिली. खेळाडूच्या स्वाक्षरीने बॅट विकली जाण्याची प्रथा येथूनच सुरू झाली. १९०८ च्या हंगामापूर्वी त्याने निवृत्ती जाहीर केली. ड्रायफस यांनी त्याचे मन वळवले आणि तो मैदानावर परतला, तेव्हा त्याचे मानधन पाच हजारांवरून दहा हजार डॉलरवर गेले होते. त्या वर्षीचा त्याचा खेळ त्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम मानला जातो. १९०९ मध्ये १९०३ च्या जखमेवर फुंकरही घातली गेली. वर्ल्ड सिरीजमध्ये पिट्सबर्गची गाठ डेट्रॉइटशी पडली आणि वॅग्नरसमोर उभा ठाकला तरुण, आक्रमक टाय कॉब. पिट्सबर्गने ती मालिका चार विरुद्ध तीन अशी जिंकली. वॅग्नरने सहा बेस चोरले आणि फलंदाजीत कॉबला स्पष्टपणे मागे टाकले. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

याच वर्षी ते कार्ड छापले गेले. सिगारेटचे मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली होती. त्यावर नट्या, पक्षी, योद्धे आणि खेळाडू यांची चित्रे छापली, की गिऱ्हाईक संच पुरा करण्यासाठी पुन्हा त्याच छापाची सिगारेट घेते, हे तंबाखू व्यापाऱ्यांनी हेरले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या सोळा छापांच्या पाकिटांतून पाचशेहून अधिक बेसबॉल कार्डांची मालिका काढली. शाळकरी मुले दुकानांबाहेर उभी राहून मोठ्यांकडे ही कार्डे मागत. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीची मक्तेदारी मोडून तिचे तुकडे करण्याचा आदेश दिला, पण तोवर तिची कार्डे लाखो घरांत पोहोचली होती.

वॅग्नरचे कार्ड मात्र फारसे पोहोचले नाही. ‘स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकाने ऑक्टोबर १९१२ मध्ये त्यामागची हकिकत दिली. कंपनीने पिट्सबर्गचे क्रीडालेखक जॉन ग्रूबर यांच्यावर वॅग्नरची परवानगी मिळवण्याचे काम सोपवले होते आणि त्यासाठी त्यांना दहा डॉलर मिळायचे होते. सिगारेटच्या पाकिटात आपले चित्र नको, असे वॅग्नरने पत्राने कळवले. आपल्या नकारापायी ग्रूबर यांचे नुकसान होऊ नये म्हणून सोबत दहा डॉलरचा धनादेशही जोडला. ग्रूबर यांनी तो न वटवता आठवण म्हणून जपून ठेवला. काही कार्डे मात्र तोवर छापून बाहेर पडली होती. आज त्यांपैकी पन्नास ते साठच ज्ञात आहेत.

या नकाराचे कारण काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. लहान मुलांना तंबाखूकडे ओढण्यासाठी आपले चित्र वापरले जाऊ नये, ही त्याची भावना होती, असे बहुतेक जण मानतात. शंका घेणारे आठवण करून देतात, की वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे आणि आधी सिगारच्या जाहिरातीत त्याचे चित्र आले होते. मोबदल्याविना चित्र वापरले जाण्यावर त्याचा आक्षेप असावा, असे ते म्हणतात. दोन्ही कारणे एकाच मनात असू शकतात. दहा डॉलरचा तो धनादेश मात्र केवळ पैशाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा वाटत नाही.

१९१७ मध्ये ४३ व्या वर्षी वॅग्नर निवृत्त झाला. त्याच वर्षी संघाचे व्यवस्थापकपद त्याच्याकडे आले, पण पाचच सामन्यांत त्याने ते सोडले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने बेसी स्मिथ हिच्याशी विवाह केला होता. पहिली मुलगी मृत जन्मली, नंतर दोन मुली झाल्या. खेळाच्या साहित्याचे दुकान काढले, ते चालले नाही. जिल्ह्याच्या शेरीफपदाची निवडणूक लढवली, ती हरला. महामंदीने उरलेसुरले ओढून नेले. १९३३ मध्ये पायरेट्सने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा कुठे दिवस पालटले. आर्की व्हॉन या तरुण शॉर्टस्टॉपला त्याने हाताशी धरून शिकवले. १९३५ मध्ये व्हॉन लीगमधील सर्वोत्तम फलंदाज ठरला. १९३६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी पहिले पाच जण निवडले गेले, त्यांत कॉब, बेब रूथ, ख्रिस्टी मॅथ्युसन आणि वॉल्टर जॉन्सन यांच्या जोडीला वॅग्नर होता. रूथला आणि त्याला समसमान मते पडली. १९५५ च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी ८१ व्या वर्षी त्याचे कार्नेगीत निधन झाले.

कार्डाचे आयुष्य याच सुमारास सुरू झाले होते. वॅग्नर मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांना शिकवत होता, त्या १९३० च्या दशकात जेफरसन बर्डिक हे संग्राहक अमेरिकेतील छापील कार्डांची सूची करत होते. या मालिकेला टी-२०६ हा क्रमांक त्यांनीच दिला आणि वॅग्नरच्या कार्डाची किंमत ५० डॉलर ठरवली. त्या काळी ती अचाट होती. संधिवाताने हात वेडेवाकडे झाले असतानाही बर्डिक यांनी तीन लाखांहून अधिक कार्डे व छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या, स्वतः बसून चिकटवल्या आणि १९६३ मध्ये ते काम पुरे होताच काही आठवड्यांत त्यांचे निधन झाले. वॅग्नरचे एक कार्ड तेथे आहे. ते विक्रीला नाही.

बाजाराची रीत निराळी. सर्वांत स्वच्छ समजले जाणारे वॅग्नर कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतले. २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. मग २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले, की हे कार्ड अधिक नेटके दिसावे म्हणून आपण त्याच्या कडा कातरल्या होत्या. तरीही या कार्डांचे भाव चढतच राहिले आणि खालच्या प्रतीची कार्डेही कोटींच्या घरात गेली.

वॅग्नरने नकार दिला नसता, तर त्या मालिकेतील इतर शेकडो कार्डांप्रमाणे त्याचे कार्डही आज माफक दराने मिळाले असते. ते दुर्मीळ झाले ते त्याच्या ‘नाही’मुळे, आणि बाजार आज त्या ‘नाही’चेच पैसे मोजतो. खाणीतून आलेल्या त्या मुलाने बॅटवर स्वाक्षरी दिली ती राजीखुशीने, आणि पाकिटावर चेहरा नाकारला तोही स्वतःच्या खिशाला चाट लावून. लिलावाच्या बातम्यांत कार्डाचा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो. वॅग्नरचा स्वतःचा आकडा त्याहून बराच लहान होता. तो होता दहा डॉलर, आणि ते त्याने घेतले नव्हते, दिले होते.