गच्चीवरचे रसायनशास्त्रज्ञ

इटलीतील बोलोन्या विद्यापीठात गच्चीवर रसायनांनी भरलेल्या काचेच्या बाटल्या उन्हात मांडलेल्या असत. हे प्रयोग जियाकोमो चामिचान यांचे. १८५७ मध्ये त्रिएस्ते येथे जन्मलेल्या चामिचान यांनी सूर्यप्रकाशाने घडणाऱ्या रासायनिक क्रिया सहकारी पॉल झिल्बर यांच्यासोबत वर्षानुवर्षे तपासल्या. कोळसा अमर्याद नाही, झाडांप्रमाणे माणसानेही उन्हाला कामाला लावावे, असे त्यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात मांडले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ५० वर्षांनी जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन केले. मात्र हे उत्प्रेरक मुख्यतः अतिनील किरणेच शोषते. त्याला साधे ऊनही पुरावे म्हणून नायट्रोजनसारखी मूलद्रव्ये मिसळून त्याचे नॅनोकण घडवले जात आहेत. चामिचान यांचे काम अजून संपलेले नाही.