डॉ. कमल रणदिवे

गालाच्या आंतील त्वचेचा कण सूक्ष्मदर्शक यंत्रांतून ज्यानें पाहिला आहे, त्यास पेशीची ओळख आहेच. पेशी म्हणजे भिंगाखालचें एक गांव. तिचें पातळ आवरण वेशीसारखें. काय आंत घ्यावें व काय बाहेर टाकावें, हें तें ठरवितें. आंतील पेशीद्रव्यांत तंतुकणिका अन्नापासून शक्ति निर्माण करितात, तर रायबोसोम प्रथिनें घडवितात. केंद्रकांतील गुणसूत्रांत ह्या सर्व कारभाराच्या आज्ञा सांठविलेल्या असतात. त्या आज्ञांतच बिघाड झाला, म्हणजे पेशी अनिर्बंधपणें विभागत सुटते व कर्करोगास आरंभ होतो. ह्या बिघाडाचा मागोवा घेण्यांत डॉ. कमल रणदिवे ह्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें.

त्यांचा जन्म पुणें येथें ता. ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं झाला. शिक्षण हुजूरपागेंत झालें. वडील श्री. समर्थ फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीनें डॉक्टर व्हावें अशी त्यांची फार इच्छा. परंतु कमलताईंनीं वनस्पति व प्राणी ह्यांचेंच शास्त्र पत्करलें. एम्. एस्सी. करितां त्यांनीं सीताफळाच्या कुळांतील गुणसूत्रें अभ्यासिलीं. (असोद्याच्या मुलांस सीताफळ सांगावयास नको, पण त्याच्या गरांत गुणसूत्रें आहेत, हें किती जणांच्या मनांत येतें?)

१९३९ सालीं गणितज्ञ श्री. रणदिवे ह्यांच्याशीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. तेथें टाटा रुग्णालयांत काम करीत असतां, डॉ. खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ मध्यें त्यांनीं पीएच्. डी. मिळविली.

मृत पेशीस रंग देऊन पाहिली, तर तिची रचना दिसते, व्यवहार दिसत नाहीं. त्यासाठीं ती शरीराबाहेर जिवंत ठेवावी लागते: निर्जंतुक पात्र, पोषक द्रव आणि शरीराइतकीच ऊब. एवढेंसें दुर्लक्ष झालें, कीं सारें फुकट! ही विद्या त्या अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. गाय ह्यांच्या प्रयोगशाळेंत शिकल्या. तेथेंच राहण्याऐवजीं त्या मुंबईस परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं ऊतिसंवर्धनाची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरकें व विषाणु ह्यांच्याशीं असलेला संबंध त्यांनीं तपासला.

१९७३ सालीं भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेंत त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्यें त्यांस पद्मभूषण मिळालें. सेवानिवृत्तीनंतर त्यांनीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत आदिवासी मुलांच्या पोषणाचें काम केलें. २००१ मध्यें त्या निवर्तल्या.