सप्तकोटीश्वराचा पुनःप्रतिष्ठापक माधवमंत्री

गोमंतकातील बहुतेक प्राचीन देवस्थानांचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास आहे. मूळ स्थान एका तीरावर, मूर्ती दुसऱ्या तीरावर आणि महाजनांची घरे देशोदेशी विखुरलेली, हे चित्र येथे नित्य परिचयाचे आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज धर्मच्छळाची स्मृती इतकी तीव्र राहिली, की त्याच्या दोन शतके आधी याच भूमीवर कोसळलेले संकट बहुतेकांच्या विस्मरणात गेले. त्या संकटात श्रीसप्तकोटीश्वराचे लिंग उपटले गेले होते. परंतु त्या वेळी देवाला आपल्या मूळ स्थानी परत येता आले. ते घडवून आणणारा पुरुष म्हणजे विजयनगरचा अमात्य आणि गोव्याचा अधिपती माधवमंत्री.

या पुरुषाची कीर्ती त्याच्याच नावामुळे झाकोळली गेली. विजयनगरच्या उदयकाळी माधव नावाच्या दोन थोर व्यक्ती होऊन गेल्या. एक माधवाचार्य, म्हणजेच शृंगेरी पीठाचे विद्यारण्यस्वामी. हे भारद्वाज गोत्री, मायण आणि श्रीमती यांचे पुत्र, वेदभाष्यकार सायणाचार्यांचे बंधू. दुसरा माधवमंत्री, आंगिरस गोत्री, चौंड आणि माचांबिका यांचा पुत्र. दोघेही विद्वान, दोघेही एकाच राजकुलाशी निगडित. त्यामुळे एकाचे ग्रंथ दुसऱ्याच्या नावे आणि दुसऱ्याचे पराक्रम पहिल्याच्या नावे मांडण्याचा घोटाळा दीर्घकाळ चालला. संन्यस्त विद्यारण्यांनी गोव्यावर स्वारी केली अशी विचित्र कल्पना त्यातूनच रूढ झाली. गोत्र आणि मातापितरांची नावे पाहिली असता हा भ्रम सहज दूर होतो.

माधवमंत्री हा शैव परंपरेतील काशीविलास क्रियाशक्ती या गुरूंचा शिष्य होता. विजयनगरच्या संस्थापक बंधूंपैकी मारप हा चंद्रगुत्ती येथून पश्चिमेकडील प्रांताचा कारभार पाहत असे. त्याचा मंत्री म्हणून इ. स. 1347 च्या शिलालेखात माधवाचे नाव आढळते. शैवागमांचा एक सारसंग्रह सिद्ध करण्याच्या कार्यात त्याचा हात होता, हेही त्याच लेखावरून कळते. पुढे त्याने सूतसंहितेवर तात्पर्यदीपिका ही टीका लिहिली, आणि ती शैव पंडितांमध्ये मान्यता पावली. बुक्करायाच्या कारकिर्दीत बनवासी प्रांत त्याच्या हाती आला. इ. स. 1368 मध्ये काश्मीरहून आलेल्या शैव ब्राह्मणांना त्याने भूमिदान केल्याची नोंद आहे. शिलालेखांत त्याला भुवनैकवीर असेही म्हटले आहे आणि उपनिषदांच्या मार्गाचा प्रवर्तक असेही. एकाच माणसाला ही दोन्ही बिरुदे शोभावीत, असे प्रसंग इतिहासात फारसे येत नाहीत.

गोव्याची तत्कालीन अवस्था समजल्याखेरीज त्याच्या कार्याचे मोल कळणार नाही. कदंबांच्या काळी गोपकपट्टण हे जुवारीच्या मुखाजवळील समृद्ध बंदर होते. दिवाडी बेटावरील नार्वे येथील सप्तकोटीश्वर हे त्या राजकुलाचे आराध्य दैवत. या देवाच्या कृपाप्रसादाचा उल्लेख कदंब राजे आपल्या बिरुदावलीत करीत, आणि शिवचित्त परमर्दीच्या सुवर्णनाण्यांवरही तो कोरलेला आहे. त्याच राजाची राणी कमलादेवी हिने बांधविलेले कमलनारायणाचे मंदिर बेळगाव जिल्ह्यातील देगाव येथे आजही उभे आहे. या शिवभक्त राजांच्या नगरीत अरब व्यापारीही सुखाने नांदत होते. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या पदरी अरब कुळातील एक अधिकारी होता, आणि त्याने उभारलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरातील नौकांवर कर घेण्यास राजाने अनुमती दिल्याचे ताम्रपट सांगतो. पुढे जे घडले ते शेजाऱ्यांच्या वैरातून उद्भवले नव्हते, हे यावरून ध्यानात यावे. ते सत्तालोलुप फौजांनी बाहेरून आणले.

चौदाव्या शतकात ही घडी विस्कटली. दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाच्या सैन्याने कदंबांच्या चंद्रपुरावर आघात केला. 1342 च्या सुमारास होनावरच्या सुलतान जमालुद्दीनाने गोव्यावर स्वारी केली. सुप्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता हा त्या स्वारीत स्वतः सामील होता. त्यानंतर हसन गंगू बहमनीच्या नव्या सत्तेने गोवे घेतले. याच उलथापालथीत सप्तकोटीश्वराचे देवालय उद्ध्वस्त झाले. ते लिंग कोणा शेताच्या बांधात पुरलेले राहिले, अशी परंपरागत आख्यायिका आहे. देवालय पडले की केवळ भिंती पडत नाहीत. देवाच्या नावे असलेल्या जमिनींचे उत्पन्न थांबते, पुजारी, वाजंत्री, भाविणी, माळी यांची वतने निराधार होतात, गावकीच्या वर्षभराच्या व्यवहारांना जोडणारा सण नाहीसा होतो. एका पिढीत पूजा खंडली, तर दुसऱ्या पिढीला तिचा विधीच अपरिचित होतो.

माधवमंत्र्याने बनवासीहून येऊन गोवे जिंकले. इ. स. 1380 पर्यंत ते विजयनगरच्या अमलाखाली आलेले होते. या विजयामागे केवळ धर्मभावना होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अरबस्तान आणि इराणमधून येणारे घोडे गोव्याच्या बंदरात उतरत. बहमनींशी अखंड झुंजणाऱ्या विजयनगरला त्या घोड्यांवाचून गत्यंतर नव्हते. बंदर शत्रूच्या हाती असणे म्हणजे स्वतःच्या घोडदळाचा गळा शत्रूच्या मुठीत देणे होय. पुढे त्याच विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने आपल्या सैन्यात मुसलमान धनुर्धर आणि स्वार घेतले, हेही विसरता येत नाही.

परंतु बंदर घेण्यासाठी देवालय उभारण्याची आवश्यकता नव्हती. नेमके येथेच माधवमंत्र्याचे वेगळेपण दिसते. तुरुष्कांना कोकणच्या राजधानीतून हुसकावून लावल्यावर त्याने उन्मूलित झालेल्या सप्तनाथादी देवांची पुनःप्रतिष्ठा केली, असे त्याचा ताम्रपट सांगतो. हे कार्य करणारा पुरुष स्वतः आगमांचा जाणकार होता. खंडित झालेल्या लिंगोपासनेची शास्त्रोक्त पुनःस्थापना कशी करावी, यासाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. त्याने देवाबरोबर देवाभोवतीचा समाजही पुन्हा बसविला. शके 1313, म्हणजे इ. स. 1391 च्या ताम्रपटाने वेंगुर्ल्याजवळचे कोचरे गाव त्याने विद्वान ब्राह्मणांना अग्रहार म्हणून दिले. युद्धाने उजाड झालेल्या प्रदेशात वेदपाठ आणि शेती ही दोन्ही एकाच वेळी रुजविण्याचा तो मार्ग होता.

मारपाच्या मंत्रिपदापासून या दानापर्यंत चव्वेचाळीस वर्षांचा काळ लोटला होता. त्यानंतर गोव्याचा कारभार नरहरी मंत्र्याकडे गेला. माधवमंत्र्याने बसविलेली घडी सुमारे शतकभर टिकली. 1472 मध्ये बहमनींचा वजीर महमूद गवान याने गोवे पुन्हा जिंकले आणि 1510 मध्ये अल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून हिसकावले. 1540 मध्ये तिसवाडीतील देवालयांचा विध्वंस झाला, त्यात सप्तकोटीश्वरही आला. माधवमंत्र्याने प्रतिष्ठा केलेल्या जागी मेरीचे प्रार्थनास्थळ उभे राहिले. या वेळी देव मूळ जागी परतू शकला नाही. भक्तांनी लिंग मांडवी ओलांडून पलीकडे डिचोली महालात नेले. तेथील वस्तीलाही पुढे नार्वे हेच नाव मिळाले, यात विस्थापितांची सारी ओढ दिसून येते. नोव्हेंबर 1668 मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने तेथे देवालयाच्या जीर्णोद्धारास आरंभ झाल्याचा शिलालेख दारावर आहे. 2023 मध्ये गोवा शासनाने त्याच देवालयाचे पुनरुज्जीवन पूर्ण केले.

दिवाडीवरील मूळ स्थानी आता देऊळ नाही. कोटीतीर्थाचा जुना पाषाणबद्ध तलाव मात्र अद्यापि आहे, आणि मांडवीच्या पलीकडील तीरावर श्रींची पूजा चालू आहे.