हातात पासपोर्ट असूनही लोकमान्य टिळकांना कोलंबोहून परत फिरावं लागलं होतं

आज परदेशात जाताना वाटेत विमान बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ट्रान्झिट व्हिसाचा. जायचंय एका देशात, पण अडवलं जातं मधल्याच ठिकाणी, असं अनेकांच्या बाबतीत होतं.

शंभर वर्षांपूर्वी हाच अनुभव पुण्याच्या लोकमान्य टिळकांनी घेतला होता.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. पुण्यात त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढायला हातभार लावला आणि १८८१ साली केसरी सुरू झाला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवण्यात आलं. जून १९१४ मध्ये ते पुण्यात परतले, पुढे १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग उभी केली.

मंडालेला असतानाच एक नवं प्रकरण तयार झालं होतं. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या आपल्या पुस्तकात टिळकांचा संबंध हिंसाचाराशी जोडला होता. सुटून आल्यावर टिळकांनी त्याच्यावर बदनामीचा दावा ठोकला. दावा लंडनच्या कोर्टात होता, म्हणजे विलायतेला जाणं भागच होतं. शिवाय होमरूलची मागणी थेट इंग्रज जनतेसमोर मांडायची होती.

तोवर जग बदललं होतं. महायुद्धाआधी प्रवासाला फारशी कागदपत्रं लागत नसत. युद्धात मात्र पासपोर्टशिवाय बोटीवर पाऊल ठेवता येईना. टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते पासपोर्ट मिळालेही.

१९१८ च्या वसंतात टिळक निघाले. सोबत न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे अशी मंडळी होती. मद्रासमार्गे ते कोलंबोला पोहोचले. तिथून पुढची बोट पकडायची होती.

आणि तिथेच निरोप आला की पासपोर्ट रद्द!

निर्णय थेट लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाचा होता. युद्ध चालू असताना ही माणसं विलायतेत येऊन स्वराज्याचा प्रचार करणार, हे सरकारला नको होतं. टिळक ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते, कोलंबोही त्याच साम्राज्यात होतं, तरी उपयोग झाला नाही. पासपोर्ट देणारं सरकार तो वाटेतही काढून घेऊ शकतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. सगळे परत फिरले.

जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली. टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच त्यांना अडवण्यात आलं, तेव्हा ते उठून निघून गेले.

शेवटी सप्टेंबर १९१८ मध्ये परवानगी मिळाली, पण केवळ खटल्यासाठी. अट अशी की राजकीय चळवळ करायची नाही. त्याच वर्षीच्या दिल्ली काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं होतं, तेही सोडावं लागलं. लंडनमध्ये ते हाऊली प्लेसमधल्या एका घरात राहिले. २१ फेब्रुवारी १९१९ ला निकाल विरोधात गेला. खर्च लाखोंच्या घरात गेला आणि तो भरून काढायला लोकांनी वर्गणी काढली.

पॅरिसच्या शांतता परिषदेत हिंदुस्थानची बाजू मांडायचीही त्यांची इच्छा होती. तिथला पासपोर्ट मिळालाच नाही. मग त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवून स्वयंनिर्णयाची मागणी केली. राजकीय बंधन उठल्यावर लंडनमध्ये सभा घेतल्या, संसदीय समितीपुढे साक्षही दिली.

नोव्हेंबर १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी हिंदुस्थानात येणाऱ्यांकडे पासपोर्ट मागण्याचा कायदा झाला. युद्धापुरता वाटलेला नियम कायमचा झाला आणि हा कायदा शंभरहून अधिक वर्षं टिकला. २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने त्याची जागा घेतली.