एडगर ॲलन पो : एकाच तोंडून ऐकलेली गोष्ट



स्नेहसंमेलनात तुम्ही दिवाकरांच्या नाट्यछटा सादर करता. त्यांत बोलणारे पात्र एकच. समोरच्याचे म्हणणे आपण ताडायचे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांची ‘द कास्क ऑफ ॲमॉन्टिलाडो’ ही सूडकथाही अशीच एका माणसाच्या तोंडून ऐकायची आहे.

पो यांचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टन येथे नाटकवाल्या कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेले, १८११ मध्ये आई वारली. जॉन ॲलन या व्यापाऱ्याने त्यांना सांभाळले, पण रीतसर दत्तक घेतले नाही, आणि पुढे दोघांचे बिनसलेच. १८४५ मध्ये ‘द रेव्हन’ या कवितेने पो यांचे नाव झाले. हाती पैसा मात्र आला नाही. इतरांच्या पुस्तकांवर ते इतके झोंबणारे लिहीत की शत्रू आपोआप वाढले. १८४६ मध्ये एका वृत्तपत्रात बदनामीकारक मजकूर आला, तेव्हा त्यांनी खटला भरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ही कथा छापून आली.

कथेतला माँट्रेसर म्हणतो, फॉर्च्युनाटोने माझा अपमान केला. कोणता? ते तो शेवटपर्यंत सांगत नाही. आपल्या सुरतेच्या खवय्याला घारीच्या पारखीचा जसा अभिमान, तसा फॉर्च्युनाटोला मद्याच्या पारखीचा. माँट्रेसरने ही नस बरोबर पकडली आहे. तुला खोकला आहे, परत जाऊ या, असे तोच काळजीने म्हणतो आणि लगेच दुसऱ्या पारख्याचे नाव घेतो. मग फॉर्च्युनाटो कसला परततो! नोकरांनाही तो घर सोडू नका अशी ताकीद देतो, कारण त्याने पाठ फिरवताच ते पळणार हे त्याला ठाऊक असते. तळघरात फॉर्च्युनाटोला साखळीने जखडून तो पुढे भिंत रचतो, आणि पन्नास वर्षांनी हे सारे थंडपणे सांगतो. आम्हाला मात्र वाटते, इतक्या वर्षांनी बारीकसारीक तपशीलही न विसरलेल्या माणसाला शांत झोप लागत नसावी.

पो यांनी खटला १८४७ च्या फेब्रुवारीत जिंकला. त्याआधी काही दिवसच पत्नी व्हर्जिनिया क्षयाने गेली होती. ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोर येथे पोही वारले. लगेच रुफस ग्रिस्वोल्ड या जुन्या वैऱ्याने टोपणनावाने निंदेने भरलेला मृत्युलेख लिहिला, पुढे चरित्रही लिहिले. पो यांच्या पत्रांत स्वतःला हवा तसा मजकूर घुसडला. उत्तर द्यायला पो नव्हते. पुष्कळ वाचकांनी ते सारे खरे मानले. ही लबाडी आर्थर हॉब्सन क्विन यांनी पुराव्यानिशी मांडली ती १९४१ मध्ये. पो जाऊन तेव्हा ९२ वर्षे झाली होती.