हरवलेला ग्रह आणि धनिष्ठेतलं नाव

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाची झोप दोनच गोष्टी उडवतात. एक, संध्याकाळी न जुळणारी कॅश आणि दुसरी, बॅलन्सिंगमध्ये उरलेला फरक. या फरकाला नऊने भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असावेत, चौपन्नाचे पंचेचाळीस केले असावेत, हा आमच्या पिढीचा पहिला संशय. म्हणूनच जुझेप्पे पियाझ्झी या इटालियन धर्मगुरूची हकिकत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा तो मला खगोलशास्त्रज्ञ वाटलाच नाही. तो आमच्याच खात्यातला वाटला.

आल्प्सच्या वाल्टेलिना खोऱ्यातलं पोंते हे त्याचं गाव. जन्म 16 जुलै 1746चा. तरुणपणीच त्याने थिएटाइन पंथाची दीक्षा घेतली, गावोगावी शिकवलं आणि अखेर सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात तो गणिताचा प्राध्यापक झाला. तिथे वेधशाळा उभारायचं ठरलं, तेव्हा हे काम त्याच्याकडे आलं. वय चाळिशीचं, आकाशनिरीक्षणाचा सराव जवळजवळ नाही! तो शिकायला पॅरिसला आणि तिथून लंडनला गेला. लंडनचा जेसी रॅम्सडेन हा त्या काळचा अव्वल कारागीर, आणि वायदे मोडण्यातही तितकाच अव्वल. पियाझ्झी त्याच्या कारखान्यात ठाण मांडून बसला आणि 1789मध्ये पाच फुटी वर्तुळाचं कोनमापक यंत्र पदरात पाडूनच उठला. पालेर्मोच्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर ते यंत्र चढलं आणि युरोपातल्या सर्वांत दक्षिणेकडच्या वेधशाळेचं काम सुरू झालं.

काम कसलं, तर ताऱ्यांची खतावणी लिहिण्याचं. प्रत्येक ताऱ्याची जागा मोजायची आणि एकदा मोजून थांबायचं नाही, निरनिराळ्या रात्री तोच तारा पुन्हा मोजून आकडे पडताळायचे. कंटाळवाणंच म्हणायचं. पण 1 जानेवारी 1801 रोजी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच रात्री, या कंटाळ्याने त्याला हात दिला. वृषभ राशीतला एक अंधुक ठिपका त्याने मोजला. दुसऱ्या रात्री जागा जुळेना. आपणच आकडा चुकीचा लिहिला असेल, हा त्याचा पहिला संशय. तिसऱ्या रात्री पुन्हा फरक, चौथ्या रात्रीही तोच प्रकार. फरक वहीत नव्हता, आकाशात होता. तो ठिपका चालत होता!

मंगळ आणि गुरू यांच्या मधली जागा अनेकांना खुपत होती. तिथे एखादा ग्रह असायला हवा म्हणून जर्मनीतल्या बॅरन फॉन झाखने 1800 साली निरीक्षकांचं एक पथकच उभारलं होतं. त्या यादीत पियाझ्झीचंही नाव होतं, पण निमंत्रण त्याच्या हाती पडण्याआधीच शिकार त्याच्या दुर्बिणीत शिरली होती.

मात्र इथे हा सावध माणूस जरा जास्तच सावध झाला. जानेवारीच्या अखेरीस त्याने पत्रं धाडली. बर्लिनच्या बोडेला धूमकेतू सापडल्याचं कळवलं. मिलानच्या ओरियानीला, म्हणजे जिवलग मित्राला, ही त्याहून काही मोठी चीज असावी अशी शंका बोलून दाखवली. पण सगळे आकडे कुणालाच दिले नाहीत. कक्षा आधी आपणच काढावी, हा मोह. अशात तो आजारी पडला. 11 फेब्रुवारीचं निरीक्षण अखेरचं ठरलं.

वाचकांनी इथे आकाशाची एक रीत ध्यानात घ्यावी. पृथ्वीच्या कक्षेबाहेरचा कुठलाही ग्रह पाहायला उत्तम काळ म्हणजे त्याची प्रतियुती. तेव्हा एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला ग्रह आणि मध्ये आपण. सूर्य मावळताना ग्रह उगवतो, मध्यरात्री सर्वांत उंच चढतो आणि पहाटे मावळतो. शिवाय तो तेव्हा जवळ आणि तेजस्वी असतो. पियाझ्झीने ठिपका पाहिला तेव्हा त्याची प्रतियुती उलटून गेली होती. तो दिवसेंदिवस लवकर माथ्यावर येऊ लागला, अखेर संधिप्रकाशातच येऊ लागला आणि मग सूर्याच्या झगमगाटात दिसेनासा झाला. एप्रिलमध्ये पियाझ्झीने सगळे आकडे पाठवले, तोवर उशीर झाला होता. उन्हाळा सरला, ठिपका सूर्याच्या पलीकडे बाहेर पडला असणार. पण शोधायचा कुठे? नवा ग्रह मिळाल्या मिळाल्या हरवला होता.

तो सापडला एका चोवीस वर्षांच्या तरुणामुळे. झाखने आपल्या मासिकात पियाझ्झीचे आकडे छापले आणि ते कार्ल फ्रीडरिश गाउसच्या हाती पडले. एक्केचाळीस दिवसांच्या त्या तुटपुंज्या नोंदींवरून गाउसने नवी गणितपद्धत वापरून पूर्ण कक्षा काढली आणि ग्रह कुठे दिसेल ते सांगितलं. डिसेंबर 1801मध्ये झाखला तो जवळपास तिथेच दिसला, आणि वर्ष पालटताच ब्रेमेनच्या ओल्बर्सनेही पाहिला. पियाझ्झीने त्याला सिसिलीची धान्यदेवता सेरेस हिचं नाव दिलं.

ही हकिकत वाचून माझ्या पोटात खड्डा पडला, त्याचं कारण सांगतो. नोकरीच्या पहिल्या दशकात आमच्या शाखेत एकदा असाच फरक पडला होता. मला धागा सापडला होता, पण मॅनेजरसाहेबांपुढे आपणच तो मांडावा म्हणून मी गप्प राहिलो. पुढे कावीळ झाली आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. एका नव्या कारकुनाने माझ्या खणातल्या अर्धवट चिटोऱ्यावरून, रात्री जागून, तो फरक शोधून काढला. परतल्यावर वरच्या कार्यालयाला जायची टिपणी मी लिहिली. त्या टिपणीत त्या मुलाचं नाव नव्हतं. तो काही बोलला नाही. ‘काका, तब्येत सांभाळा’ एवढंच म्हणाला.

पियाझ्झी या बाबतीत माझ्याहून मोठा निघाला. राजाने त्याच्या नावाने सोन्याचं पदक पाडायचं ठरवलं, तर त्याने ते पैसे दुर्बिणीसाठी मागून घेतले. गाउसच्या गणितानेच ग्रह परत मिळाला, हे साऱ्या युरोपाला ठाऊक होतं. पण त्यावर न कुढता पियाझ्झी पुन्हा आपल्या खतावणीकडे वळला. 1803मध्ये 6,748 ताऱ्यांची यादी निघाली आणि 1814मध्ये 7,646 ताऱ्यांची. या दुसऱ्या यादीत एक गंमत आहे. आपण ज्याला धनिष्ठा म्हणतो त्या चिमुकल्या तारकासमूहातल्या दोन ताऱ्यांना तिथे सुआलोसिन आणि रोटानेव्ह अशी चमत्कारिक नावं दिलेली आहेत. ती कुठून आली, हे बरीच वर्षं कुणाला उमगेना. मग कुणीतरी रोमन अक्षरं उलटी वाचली. निघालं निकोलाउस वेनाटोर! पियाझ्झीचा मदतनीस निकोलो काच्चातोरे याच्याच नावाचं ते लॅटिन रूप; दोन्ही भाषांत अर्थ शिकारी. ही खोडी धन्याची की चाकराची, कोण जाणे. पण रात्र रात्र जागणाऱ्या मदतनिसाचं नाव वहीत राहिलं आणि वहीतून आकाशात गेलं. ती नावं आजही अधिकृत आहेत.

22 जुलै 1826 रोजी नेपल्समध्ये पियाझ्झी वारला. त्याच्या सेरेसचा हुद्दा मात्र बदलत राहिला. ग्रह होती, लघुग्रह झाली, 2006मध्ये प्लूटोच्या पंगतीला बसून बटुग्रह झाली. 2015मध्ये ‘डॉन’ यान तिच्याभोवती फिरू लागलं. सुमारे 940 किलोमीटर व्यासाचा हा गोळा नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण बटुग्रहांपैकी साध्या द्विनेत्रीतून दिसणारा हाच एकटा. प्लूटोला मोठी दुर्बीण लागते. सेरेसची प्रतियुती साधारण सव्वापंधरा महिन्यांनी येते. रात्र अमावास्येच्या आसपासची आणि जागा गावाबाहेरची असली, तर काम सोपं.

21 मार्च 2023ला असा योग आला होता. पाडव्याची आदली रात्र, अमावास्या आणि त्याच दिवशी सेरेसची प्रतियुती. उत्तरा फाल्गुनी ताऱ्याच्या थोडं पूर्वेला, गावच्या घराच्या गच्चीवरून मी आणि नात पाहत होतो. दिसले ते नुसते ठिपके. मी तिला सगळे कागदावर काढायला लावले. दोन रात्रींनी पुन्हा काढले. कागद शेजारी ठेवल्यावर तीच ओरडली, आजोबा, हा हलला! तो जवळजवळ चंद्रबिंबाच्या रुंदीएवढा सरकला होता.

मी सांगितलं, कागदावर तारीख घाल आणि खाली तुझं नाव लिही. ती म्हणाली, तुमचंही लिहू का? मी म्हटलं, शोध तुझा आहे, तुझंच लिही.

पावसाळा सरला की संध्याकाळी धनिष्ठा डोक्यावर येते. त्या दोन ताऱ्यांकडे मी हल्ली जरा जास्त वेळ पाहतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या टिपणीत एका ओळीची जागा होती.