नाकाचा पडदा आणि डॉ. किलियन

‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. बहुतेकदा वाढलेले काहीच नसते. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो. हा पडदा पुढे लवचिक कूर्चेचा, मागे हाडाचा असून दोन्ही बाजूंनी नाजूक अस्तराने झाकलेला असतो. त्यावरील शस्त्रक्रियेला वळण लावणाऱ्यांत जर्मन डॉक्टर गुस्ताव किलियन यांचे नाव अग्रक्रमाने येते.

त्यांचा जन्म १८६० साली माइन्झ येथे झाला. फ्रायबुर्ग येथे असताना १८९७ मध्ये त्यांनी एका शेतकऱ्याच्या श्वसनमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा तोंडावाटे नळी घालून काढला. ब्रॉन्कोस्कोपीचे जनक ही त्यांची ओळख तेव्हापासूनची.

त्या काळी पडद्याचा वाकडा भाग अनेकदा अस्तरासकट कापला जाई. मग पडद्याला भोक राही, खपल्या धरत, रक्त येई. शिकागोचे ओटो फ्रीअर यांनी १९०२ मध्ये आणि किलियन यांनी १९०४ मध्ये अस्तर वाचवणारी पद्धत मांडली. अस्तर अलगद सोडवायचे आणि फक्त आतला वाकडा भाग काढायचा. नाक बसू नये म्हणून किलियन वरची आणि पुढची पट्टी राखत.

१९११ मध्ये ते बर्लिनला गेले. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. आज कूर्चा शक्य तितकी राखून सरळ केली जाते, पण अस्तर आणि आधार जपण्याचा नियम तोच आहे. पडदा थोडाफार वाकडा अनेकांचा असतो. त्याचा त्रास नसेल, तर शस्त्रक्रियेची गरज नसते.